घाटातलं डांबर, वाडीवरचा मुरूम: मिश्र रस्त्याच्या शर्यतीसाठी सायकलचा टायर कसा निवडायचा आणि कसा बसवायचा?

पुण्याहून गोव्याला जाणारी 'डेक्कन क्लिफहँगर' ही सायकल शर्यत तुम्ही ऐकली असेल. साधारण 640 किलोमीटरची ही शर्यत वाईच्या पुढे पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला येते. अमेरिकेतल्या 'रेस अक्रॉस अमेरिका'साठीची पात्रता फेरी म्हणून ती ओळखली जाते. 2017 मध्ये ती अमेरिकेची शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले दोन भारतीय म्हणजे नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ. तेव्हापासून आपल्याकडे गिअरची सायकल घेऊन घाटात येणाऱ्या पोरांची संख्या चांगलीच वाढली आहे.

आता मुद्दा असा की, गोव्याची शर्यत डांबरी रस्त्याची. तिथे 28 किंवा 32 मिलिमीटरचा टायर लावला की काम भागतं. पण पाचगणीच्या आसपास डांबर सोडून जरा आत वळलात, भिलारच्या बाजूच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांमधून किंवा खाली धोम धरणाच्या काठाने निघालात, की मुरूम, उखडलेली खडी, जांभ्याची लाल माती असं सगळं एकाच फेरीत भेटतं. अशा मिश्र रस्त्यावर शर्यत असेल, तर टायर कोणता?

किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा

बहुतेक जण म्हणतात, 'कच्चा रस्ता पंधराच किलोमीटर आहे, पंचेचाळीस डांबर आहे, मग डांबराचाच टायर लावू.' हिशोब करून बघा. डांबरावर सरासरी ताशी 25 धरली तर 45 किलोमीटरला 1 तास 48 मिनिटं लागतात. कच्च्यावर ताशी 10 धरली तर 15 किलोमीटरला दीड तास. म्हणजे अंतर पाव, पण वेळ जवळपास निम्मा! शिवाय पंक्चर होणार तेही तिथेच. म्हणून टायर वाईट रस्त्यासाठी निवडायचा आणि चांगल्या रस्त्यावर तो थोडा जड पडला तर चालवून घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: या भागात 35 ते 40 मिमी.

रुंद टायर जड चालतो, हा समज जुना आहे. गुळगुळीत रस्त्यावर कडक हवा चांगली, हे खरं. पण खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकलला आणि तुम्हाला वर उडवतो. तुमचं सत्तर किलोचं शरीर हादरत राहतं आणि पायांनी लावलेली ताकद त्या हादऱ्यात जिरते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. एवढंच गणित आहे.

नक्षीबद्दल फार डोकं लावू नका. मधोमध सपाट किंवा बारीक नक्षी आणि कडेला थोड्या गोट्या, असा टायर उन्हाळ्या-हिवाळ्यात इथे उत्तम. मधे मोठ्या गोट्या असलेला टायर डांबरावर नुसता घुंऽऽ करत राहतो. पावसाळ्यात मात्र गोष्ट वेगळी. जांभ्याची माती ओली झाली की टायरला चिकटते आणि चिमट्यात गच्च बसते. तेव्हा उघडी, लांब-लांब गोट्यांची नक्षी हवी, म्हणजे चिखल आपोआप झटकला जातो.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूला '700 बाय 40 सी' आणि '40-622' असं दोन्ही छापलेलं असतं. दुसरा आकडा जास्त भरवशाचा. 40 म्हणजे रुंदी, 622 म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. '29 इंची' एमटीबीचा टायरही 622 च असतो. 27.5 इंची म्हणजे 584 आणि 26 इंची एमटीबी म्हणजे 559. नाव काहीही असो, हा शेवटचा आकडा रिमशी जुळला नाही तर टायर बसणार नाही.

ऑनलाइन ऑर्डर करण्याआधी फ्रेम आणि चिमट्यात जागा किती आहे तेही बघा. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान 6 मिमी मोकळी जागा हवी. पावसात त्याहून जास्त.

आता जिवाशी खेळ नको असा भाग

हल्लीच्या महाग चाकांमध्ये 'हुकलेस' रिम येतात. साध्या रिमच्या कडेला आतल्या बाजूने एक आकडी असते, ती टायरची कडा धरून ठेवते. हुकलेसमध्ये ती आकडी नसते. टायर फक्त घट्ट बसण्यावर आणि हवेच्या दाबावर टिकतो. म्हणून अशा रिमला कमाल मर्यादा 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय. टायरही हुकलेससाठी चालतो असं लिहिलेलाच हवा आणि रिमच्या आतल्या रुंदीला शोभेल इतका रुंद हवा.

2024 च्या फेब्रुवारीत यूएई टूरमध्ये बेल्जियमचा थॉमस द घेंट चालत्या शर्यतीत पडला, कारण त्याचा टायर अशा रिमवरून सुटला. टायर होता 28 मिमीचा, रिम आतून 25 मिमीची. एवढ्या रुंद रिमवर किमान 29 मिमीचा टायर असावा, अशी शिफारस होती. फरक फक्त एका मिलिमीटरचा! तो व्यावसायिक खेळाडू, सोबत मेकॅनिकांचा ताफा. आपल्यासोबत पसरणीच्या उतारावर कोण असतं? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोरून एसटी.

हवा किती भरायची?

70 किलोचा चालक आणि 40 मिमीचा ट्यूबलेस टायर असेल, तर पुढे 30 आणि मागे 33 पीएसआयपासून सुरुवात करा. 35 मिमी असेल तर 38 ते 42. ट्यूब असेल तर प्रत्येकी चार-पाच वाढवा, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते आणि तिला साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मागे नेहमी थोडी जास्त, कारण वजन मागे असतं.

'जुन्या सायकलला शंभर भरायचो, यालाही भरू,' असं करू नका. टायरच्या कापडावर येणारा ताण म्हणजे दाब आणि रुंदीचा गुणाकार. 25 मिमीच्या टायरला 100 पीएसआयने जेवढा ताण येतो, तेवढा 40 मिमीच्या टायरला साधारण 62 लाच येतो. टायरवर आणि रिमवर कमाल दाब लिहिलेला असतो. दोन्हींत जो कमी असेल तोच पाळायचा.

आता एक गंमत. मुंबईहून हवा भरून निघालात आणि 1,300 मीटरवरच्या पाचगणीत पोचलात, तर बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे गेज साधारण 2 पीएसआय जास्त दाखवेल. पण मुंबईत 33 अंश आणि पाचगणीत डिसेंबरच्या पहाटे 15 अंश असतील, तर 40 भरलेल्या टायरमधले सुमारे 3 पीएसआय थंडीने कमी होतात. दोन्ही मिळून एखाद्याचा फरक उरतो. म्हणून आदल्या रात्री नाही, तर स्टार्टच्या आधी तिथेच गेज लावून बघा. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची पद्धत 35 च्या खाली फसवी आहे.

बसवायचा कसा?

आधी टायरवरचा बाण बघा, फिरण्याची दिशा तीच हवी. कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणा, म्हणजे पंक्चर झाल्यावर काटा शोधायला खूण मिळते. एक कडा पूर्ण आत घाला. ट्यूब असेल तर तिच्यात थोडीशी हवा भरून, गोल करून बसवा. दुसरी कडा व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा.

शेवटचा वीतभर टायर चढतच नाही, इथेच सगळे अडकतात आणि लोखंडी पट्टी घालून ट्यूब फाडतात. युक्ती साधी आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट खाच असते. चढवलेली कडा सगळीकडून चिमटीत धरून त्या खाचेत ढकला. तिथे व्यास कमी असल्यामुळे टायर सैल होतो आणि शेवटचा भाग अंगठ्याने चढतो.

ट्यूबलेस असेल तर रिमची टेप आधी तपासा. एक सुरकुती असली तरी हवा जाते. कडेला साबणाचं पाणी लावून झटक्यात हवा भरा. 'फट् फट्' असा आवाज आला की कडा जागेवर बसली. हवा भरताना कमाल मर्यादा ओलांडू नका. बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. मग व्हॉल्व्हचा गाभा काढून 40 मिमीच्या टायरला साधारण 60 मिलिलिटर सीलंट घाला, पुन्हा हवा भरा, चाक सगळ्या बाजूंनी हलवा आणि रात्रभर राहू द्या. आपल्याकडच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, हे लक्षात ठेवा.

शेवटी चाक फिरवून बघा. टायरच्या कडेजवळ एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडालेली किंवा वर आलेली दिसली, तर तो टायर घाटात न्यायचा नाही. आणि नवा टायर शर्यतीच्या सकाळी बसवू नका, आधी 20-30 किलोमीटर चालवून घ्या.

पिशवीत काय असावं?

वाईच्या बाजूला उतरलात की बाभळीचे काटे असतात. सीलंट ते गिळतं. मोठ्या भोकाला रबरी प्लग ठोका. टायरच फाटला तर दुधाच्या पिशवीची जाडसर घडी आतून लावा आणि ट्यूब घालून निघा. ट्यूब मात्र ट्यूबलेसवाल्यानेही सोबत ठेवायचीच. तुमचा व्हॉल्व्ह बारीक, वर नट असलेला असेल तर पेट्रोल पंपावरचं नोझल त्याला बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, वजन काहीच नाही.

एक राहिलं. रील काढायला टेबललँडवर चाकं घालू नका. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला आहे. जांभ्यावरचा मातीचा थर फार पातळ असतो. ओल्यात गोट्यांच्या टायरने पाडलेला चर पुढच्या पावसात ओहोळ होतो.