आधी पाणी तपासा, मग डिशवॉशर आणा

डिशवॉशर घ्यायला दुकानात गेलं की चौकशी ठरलेली असते. किती माणसांच्या घराला पुरेल, कढई मावेल का, वीज किती खाईल, गॅरंटी किती वर्षांची. दुकानदार दार उघडतो, जाळ्या बाहेर ओढून दाखवतो, हप्त्यांची योजना समजावतो. घरातल्या नळाला पाणी कुठलं येतं, हे मात्र कोणी विचारत नाही. रायपुरात हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण हे शहर चुनखडकावर वसलेलं आहे.

भूशास्त्रज्ञ या खडकाला 'चंडी चुनखडक' म्हणतात. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यात सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर साचून जे घुमटाकार दगड तयार झाले, ते स्ट्रोमॅटोलाइट या खडकात आजही दिसतात. तिल्दा, भाटापारा, बलौदा बाजार या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले तेही या चुनखडीच्या जोरावर. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरतं, त्याने ते किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतला चुनखडक थोडा थोडा विरघळवत जातं. बोअरमधून वर येतं ते हे पाणी, कॅल्शियम बायकार्बोनेट सोबत घेऊन. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन, म्हणजे जड, पाणी हेच.

नगर निगमच्या नळाची गोष्ट वेगळी. ते पाणी खारून नदीवरच्या भाटागावहून उचललं जातं, आणि उन्हाळ्यात खारूनला धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून कालव्याने पाणी सोडावं लागतं. गंगरेल आहे महानदीवर. महानदी उगम पावते सिहाव्याच्या डोंगरात, ग्रॅनाइटच्या मुलखात, आणि ग्रॅनाइट पाण्याला सहजी दाद देत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात निगमचा नळ आणि मोरीत बोअरचा नळ असलेल्या घरात दोन वेगळ्या प्रकारची पाणी नांदत असतात. यंत्र कुठल्या नळाला जोडायचं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आपल्या आज्यांना हा फरक ठाऊक होता. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी स्वयंपाकाला घ्यायचं नाही, हे घराघरांत सांगितलं जायचं. त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन शिजताना सुटावं लागतं. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर ते पेक्टिनला बांधून ठेवतं, आणि डाळ कितीही उकळली तरी दाताखाली लागते.

हेच कॅल्शियम एके काळी डिशवॉशरच्याही आड आलं. भांडी धुण्याचं पहिलं खरोखर उपयोगी यंत्र बनवलं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी. घासताना घरातल्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडत, तो त्यांचा वैताग होता. पुढे पती वारले, मागे कर्ज राहिलं, आणि वैतागातून सुचलेली कल्पना पोटापाण्याचा उद्योग झाली. ब्रशने घासण्याऐवजी भांडी तारेच्या जाळीत घट्ट बसवायची आणि दाबाखालच्या पाण्याने धुवायची, ही त्यांची मूळ युक्ती आजच्या प्रत्येक यंत्रात आहे. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळालं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं मांडली होती आणि तिथल्या उपाहारगृहांत भांडीही धूत होती.

हॉटेलांनी आणि रुग्णालयांनी ती यंत्रं घेतली, पण घरांनी घेतली नाहीत. एक तर घरी तेवढं गरम पाणी नसायचं. दुसरं म्हणजे अनेक भागांतलं पाणी इतकं जड होतं की त्यात साबणाला फेसच येत नसे. साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की पांढरट, चिकट साका तयार होतो. तो भांड्यावर बसतो आणि धुण्याचं काम तिथेच थांबतं.

म्हणून आज यंत्रात साबण घालत नाहीत, पावडर किंवा वडी घालतात. तरी कॅल्शियमपासून सुटका नाही. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, मागे राहतो. बस्तरमधल्या कुटुमसर गुहेच्या छतावरून लोंबणारे चुन्याचे खांब याच क्रियेने बनले, फक्त तिथे ती थेंबाथेंबाने आणि उष्णतेशिवाय झाली. यंत्रात हा चुना तापकावर बसतो, फवाऱ्याच्या बारीक भोकांत साचतो आणि काचेच्या पेल्यांवर धुरकट थर होऊन दिसतो.

थोडा हिशेब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. समजा तुमच्या बोअरचं पाणी ४०० चं आहे आणि यंत्राला एका धुण्याला १० लिटर लागतात. म्हणजे प्रत्येक खेपेला ४ ग्रॅम चुना होईल एवढं द्रव्य यंत्रातून जातं. रोज एकदा यंत्र लावलं तर वर्षाला जवळजवळ दीड किलो.

यावरचा उपाय यंत्राच्या तळाशीच बसवलेला असतो. तिथे राळेच्या बारीक मण्यांनी भरलेला एक कप्पा असतो. मण्यांवर सोडियमचे आयन बसलेले असतात. पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियमचा एक आयन पकडतात आणि त्याबदल्यात सोडियमचे दोन सोडतात. सगळे मणी कॅल्शियमने भरले की यंत्र त्यांच्यावरून मिठाचं तीव्र पाणी सोडतं, कॅल्शियम सुटून गटारात जातं आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. डिशवॉशरमध्ये मीठ घालायचं ते यासाठी. भांड्यांचा आणि मिठाचा काही संबंध येत नाही. स्वस्त पडतं म्हणून त्यात खडेमीठ टाकू नये, कारण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असतंच, म्हणजे जे बाहेर काढायचं तेच आपण हाताने आत घालतो. जेवणातलं बारीक मीठही नको, त्याचा गठ्ठा बसतो.

पूर्वी या कामाला पावडरीतल्या फॉस्फेटचा मोठा आधार असे. ट्रायपॉलिफॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतं. पण सांडपाण्यातून ते तळ्यांत पोचलं की शेवाळाला आणि जलपर्णीला खत मिळतं. जलपर्णीने झाकलेला बूढा तालाब ज्यांनी पाहिला आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. युरोपीय संघाने २०१७पासून घरगुती डिशवॉशरच्या पावडरीतल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. निर्णय योग्यच होता. तळ्यांच्या शहरात राहणाऱ्यांनी डबा उचलण्याआधी तो फॉस्फेटमुक्त आहे ना, हे पाहावं. मात्र फॉस्फेट गेल्यावर कॅल्शियमला आवरण्याचा भार राळेवर आणि मिठावर जास्त येतो, म्हणजे पाण्याचा अंदाज अधिकच नीट घ्यावा लागतो.

तो घ्यायचा कसा? आरओ बसवणारा माणूस खिशातून काढतो तो टीडीएस मीटर इथे पुरेसा नाही. त्याला विरघळलेले सगळेच क्षार सारखे, कॅल्शियम वेगळं दिसत नाही. घरच्या घरी एक प्रयोग करता येतो. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या. एकीत निगमचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्ही निम्म्याहून कमी. अंघोळीच्या साबणाचा कीस थोड्या आरओच्या पाण्यात विरघळवून त्याचे मोजून तेवढेच थेंब दोन्हींत टाका आणि झाकण लावून खळखळवा. सुफेन पाण्यावर दाट फेस उभा राहतो आणि टिकतो. जड पाणी दुधट होतं, वर नावापुरते बुडबुडे येतात आणि बाटली स्थिर ठेवली की पांढरा साका तरंगताना दिसतो.

नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकला की कॅल्शियम, मॅग्नेशियममुळे पाणी लालसर होतं. वरून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडतात. ईडीटीए एकेक आयन काढून घेत जातं, लाल रंग जांभळा होत जातो आणि मग एका थेंबाला सगळं पाणी स्वच्छ निळं होतं. महाविद्यालयात ज्यांनी हा क्षण पाहिला आहे ते तो विसरत नाहीत. हाती आलेला आकडा १७.८ ने भागला की यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली जर्मन अंशांतली दुष्फेनता मिळते. ४०० भागिले १७.८ म्हणजे साडेबावीस. पुस्तिकेच्या तक्त्यात तो अंश शोधून यंत्रातली पाणी मृदू करण्याची पातळी लावायची.

पातळी गरजेपेक्षा जास्त ठेवणंही चुकीचंच. फार मृदू पाणी आणि अल्कली मिळून काच हळूहळू झिजवतात. चुन्याचा डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने जातो, झिजलेल्या काचेचा धुरकटपणा कशानेही जात नाही. म्हणून यंत्राला आरओचं पाणी जोडायची कल्पना कोणी मांडली तर नको म्हणा.

आता खरकट्याकडे वळू. छत्तीसगड हा भाताचा मुलूख. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या वीस हजारांहून जास्त वाणांचा साठा आहे, आणि त्यामागे डॉ. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून केलेला संग्रह आहे. दुबराज असो की जीराफूल, ताटाच्या कडेला राहिलेलं शीत दोन तासांनी नखाने निघत नाही. शिजताना सैल झालेल्या स्टार्चच्या साखळ्या निवताना आणि वाळताना पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि कडक होतात. पावडरीतलं अमायलेज हे विकर त्या साखळ्या मध्येमध्ये कापतं. डाळीच्या आणि दुधाच्या प्रथिनांचं काम प्रोटिएज करतं. ही विकरं बॅसिलस जातीच्या जिवाणूंकडून बनवून घेतात. ५० ते ६० अंशांच्या आसपास ती जोमाने काम करतात, त्याच्या फार वर गेलं की निकामी होतात.

'इको' धुणं तीन तास का चालतं, याचं उत्तर इथे आहे. चार गोष्टींनी भांडं स्वच्छ होतं : रसायन, उष्णता, पाण्याचा मारा आणि वेळ. हेन्केल कंपनीतले हर्बर्ट झिनर यांनी १९५९मध्ये हे सूत्र मांडलं. एक कमी केलं की दुसरं वाढवावं लागतं. वीज जाते मुख्यतः पाणी तापवण्यात. ४ लिटर पाणी २५ अंशांवरून ५० वर न्यायला सुमारे ०.१२ युनिट लागतं, ७० वर न्यायला ०.२१. इको उष्णता कमी घेतं आणि विकरांना वेळ देतं. तीन तास ऐकून घाबरू नका, रात्री लावा आणि झोपा.

कढईवरचा काळा, वर्षानुवर्षांचा तेलाचा थर मात्र विकरांच्या आवाक्याबाहेरचा. तेल तापून तापून तिथे प्लास्टिकसारखं बहुवारिक झालेलं असतं, तिथे काथ्या आणि मनगटच लागतं. ॲल्युमिनियमचा कुकर यंत्रात घालू नये. पावडरीतली अल्कली त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा खाते आणि कुकर काळा पडतो. छत्तीसगडात लग्नात मुलीला काशाची भांडी देतात, आपल्या घरांतही पितळेची, तांब्याची भांडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात. ती चिंचेने किंवा पितांबरीनेच घासा. बिडाचा तवाही बाहेरच. स्टीलची ताटं, वाट्या, डबे खुशाल ठेवा, फक्त वाट्या एकीत एक नको. फवारा सरळ रेषेत जातो, वळण घेत नाही. अरुंद गळ्याचा तांब्या म्हणूनच वरून चकाकतो आणि आतून तसाच राहतो.

बैठ्या घरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पुस्तिकांत पाण्याचा किमान दाब साधारण ०.३ ते ०.५ बार सांगितलेला असतो. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब १ बार. गच्चीवरची टाकी नळापेक्षा जेमतेम ३ मीटर उंच असेल तर हाती येतात ०.३ बार. तेव्हा फीत घेऊन उंची मोजा, टाकीला चौथरा किंवा छोटा पंप लागेल का ते आधीच ठरवा.

पाणी वाचतं का? बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातल्या माणसांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला दिली, तेव्हा सरासरी शंभर लिटरच्या आसपास पाणी लागलं. आपल्याकडे दोन बादल्यांत घासणं-विसळणं उरकणाऱ्या बाईला हा आकडा लावणं अन्यायाचं होईल. पाण्यापेक्षा वेळेची बचत मला मोठी वाटते. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला रोज सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं दिसलं. त्यातही असं काम करणारे पुरुष चारांत एकच. पाणी तपासणं, मीठ भरणं, रात्री भांडी लावणं ही कामं घरातल्या पुरुषांनी पहिल्या दिवसापासून आपली मानावीत.

आणि मे महिन्यात पाणी पुन्हा एकदा तपासा. भूजलाची पातळी खाली गेली की बोअरला खोलवरचं पाणी लागतं, कधी टँकर मागवावा लागतो, आणि पावसाळ्यात यंत्राला लावलेली पातळी तेव्हा चालेलच असं नाही. बाटली, साबण आणि दहा मिनिटं पुरतात.