येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडावर
बेळगावात धावायचं म्हटलं की बहुतेकजण कॅम्पातले झाडांच्या सावलीचे रस्ते धरतात. मी मात्र रविवारी वडगावहून येळ्ळूरची वाट धरतो. दोन्ही बाजूंना भातशेती, रस्ता सपाट; पण इथे वेग वाढवू नका, दम चढासाठी राखा. गाव मागे पडलं की राजहंसगडाचा चढ लागतो. पावलं छोटी टाका, गरज पडली तर सरळ चाला. वर सिद्धेश्वराचं मंदिर आहे. तटावरून शहर आणि शिवार एका नजरेत येतं. बेळगावचा बासमती ज्या शिवारात पिकायचा, त्याच्या बांधापर्यंत आता घरं आलीत. पावसाचं पाणी हीच शेतं धरून ठेवतात. ती बुजली तर पाणी आपल्याच गल्लीत शिरणार. पुढच्या रविवारी या, उजाडताच निघू.