उसाच्या पोंग्यात हिरवा रंग कसा भरतो

केवड्याने पांढरा पडलेला ऊस पाहताच युरियाचे पोते फोडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो कितपत योग्य, हे समजण्यास पानात हिरवा रंग कसा भरतो ते प्रथम पाहिले पाहिजे.

उचगावच्या शिवारातील कोणत्याही निरोगी उसाचा पोंगा उलगडून पाहावा. पान बुडाशी पांढरट, मध्ये पोपटी व शेंड्याकडे हिरवे दिसेल. उसाचे पान बुडाकडून वाढते. म्हणून बुडाच्या पेशी वयाने लहान व शेंड्याच्या थोर होत.

हिरवेपणा पेशींतील हरितलवक नामक सूक्ष्म कणांत असतो. या कणांस स्वतःची शंभरावर जनुके असून उसाच्या बाबतीत ती २००४ साली संपूर्ण वाचली गेली. जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याची जणू लिखित आज्ञाच होय. सर्व आज्ञा मात्र एकाच वेळी अमलात येत नाहीत. कोवळ्या पेशीत लवके रंगहीन असतात. तेथे पेशीच्या केंद्रकाकडून आलेले यंत्र प्रथम अवजारे घडविणारी जनुके वाचते. त्यातून लवकाचे स्वतःचे वाचनयंत्र उभे राहते. पान उजेडात आले की हे यंत्र प्रकाशापासून अन्न करणारी जनुके जोराने वाचू लागते. पक्व पानात बहुतेक काम मंदावते. परंतु उन्हाने सतत झिजणारे एक प्रथिन नित्य नवे करावे लागते, म्हणून त्याचे जनुक जागेच राहते.

सारांश, कारखान्याची मुख्य उभारणी कोवळ्या पानात होते. हरितद्रव्यात लोह नसते. तथापि ते तयार करण्यास व कारखान्याच्या अनेक भागांस लोह लागतेच. जुन्या पानांतील लोह नव्याकडे फारसे जात नाही. नत्र मात्र जाते. यास्तव खालची जुनी पाने आधी पिवळी पडल्यास नत्राची उणीव समजावी. नवी पाने पिवळी व शिरा हिरव्या असल्यास लोहाची. चुनखडीच्या जमिनीत हे दुसरे लक्षण विशेष आढळते. अशा वेळी १०० लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो हिराकस विरघळवून फवारावे. युरियाने लोहाची उणीव भरून निघत नाही. बेटात गवतासारखे बारीक पांढरे फुटवे पुष्कळ असल्यास मात्र तो गवताळ वाढीचा रोग समजून बेट उपटून टाकणेच इष्ट.

पोते फोडण्यापूर्वी पानाचे वय पाहावे, एवढीच आमची कास्तकार बंधूंस विनंती आहे.