शेवटचे बटण त्यालाच लावू द्या

केडगावच्या माझ्या दवाखान्यात कंबरदुखी घेऊन येणाऱ्या काही आजींच्या दुखण्याचे मूळ मणक्यात कमी आणि नातवंडाला उचलण्यात अधिक असते. मूल बारा-चौदा वर्षांचे, वजन पस्तीस-चाळीस किलो. तरीही अंघोळ, कपडे, घास भरवणे सारे आजीच्याच हाती. आई-वडील दोघे कामावर आणि मूल बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग. अशा वेळी औषधाच्या चिठ्ठीआधी मी विचारतो, मूल विशेष शाळेत जाते का? जात असेल, तर तेथे शिकलेले घरी करू दिले जाते का?

अशा शाळा बहुधा घरातल्या गरजेतूनच उभ्या राहिल्या. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील आणि होरमसजी वकील या दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येसाठी शाळा सुरू केली. नाशिकला १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर काढले, तेही स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. आज हा कृपेचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

तेथे शिकवतात काय? अक्षरे येतात, पण मागाहून. आधी शौचाची सूचना देणे, दात घासणे, ताट धुणे, पैसे ओळखणे. सदऱ्याची बटणे लावण्याचे उदाहरण घ्या. जाणते शिक्षक या कामाचे लहान लहान तुकडे पाडतात आणि पुष्कळदा शेवटच्या तुकड्यापासून आरंभ करतात. बाकीची बटणे बाई लावतात, शेवटचे मुलाने लावायचे. काम पूर्ण केल्याचे समाधान त्याला मिळते. ते जमले की शेवटची दोन, मग तीन. यात महिने जातात. घरी मात्र रिक्षा दारात उभी, म्हणून आजी भराभर पाचही बटणे लावून मोकळी होते. ही माया खरी आहे, पण शाळेची मेहनत तिथेच वाया जाते. सकाळी पंधरा मिनिटे लवकर उठा, असे मी सांगतो. शाळेत जो शब्द वापरतात तोच घरी वापरा. बाई ‘शू’ म्हणत असतील तर घरी निराळा शब्द नको. (घाईच्या दिवशी बिनबटणांचा टी-शर्ट घालावा. त्यात कमीपणा नाही.)

शिकलेले मूल एकाएकी मागे पडू लागले, तर ‘त्याचे असेच असते’ म्हणून सोडून देऊ नका. कानातला मळ, अधू नजर, किडलेला दात, बद्धकोष्ठता यांची तक्रार त्याला शब्दांत सांगता येत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा दोष वारंवार आढळतो. वर्षातून एकदा रक्त तपासावे. फिट्स येत असतील तर औषधाचे नाव व वेळ शाळेला लेखी कळवावी. फिट आल्यावर कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. मुलाला कुशीवर वळवून घड्याळ पाहावे. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

‘आमच्यामागे याचे कसे?’ हा प्रश्न आजोबा जाता जाता, दाराशी उभे राहून विचारतात. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आई-वडीलही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. त्याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च उचलते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती नसेल, तर आधी जिल्हा रुग्णालयातून ते करून घ्यावे. पालक नेमण्याचा अर्ज आई-वडिलांप्रमाणे नातलगांनाही करता येतो; म्हणजे आजोबांनाही.