रंगाऱ्याची फणी

स्वस्त लाकडावर ओकचे रेषे उमटविण्याचे काम पॅरिसमधील एका कार्यशाळेत मला अगदी जवळून पाहावयास मिळाले. फळीवर प्रथम फिकट पिवळसर रंगाचा हात देऊन तो पुरता वाळू देतात. मग जवसाचे तेल व टर्पेंटाइन घालून पातळ केलेला तपकिरी रंग त्यावर पसरतात, आणि तो ओला आहे तोवर कारागीर पोलादी फणी वरपासून खालपर्यंत न थांबता अशी ओढतो की, दातांनी खरवडलेल्या रंगातून तळाचा पिवळा उजळून पाहता पाहता लाकडाच्या शिरा दिसू लागतात. मधूनच मनगटाला जो सूक्ष्म हिसका दिला जातो त्यात सारा हुन्नर आहे. तो चुकला की नुसत्या रेघोट्या उरतात.

घनवादी चित्रकार जॉर्ज ब्राकचे वडील व आजोबा याच धंद्यातले, आणि ल हाव्र येथे वाढलेल्या जॉर्जनेही आरंभी त्याचीच उमेदवारी केली. घनवादाने दृष्टिभ्रमाची जुनी परंपरा मोडीत काढली, असे सर्रास लिहिले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. सतराव्या शतकात खेइसब्रेख्त्ससारखे फ्लेमिश चित्रकार फळीवर खोचलेल्या चिठ्ठ्या व खिळे इतके हुबेहूब रंगवीत की पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढे व्हावा. आणि १९०९ च्या ‘व्हायोलिन आणि पॅलेट’मध्ये वाद्याच्या चिरफळ्या उडाल्या असताना, पॅलेट ज्यावर टांगले आहे तो खिळा ब्राकने सावलीसकट तसाच शाबूत ठेवला आहे.

पुढे ती फणी त्याने पिकासोच्याही हाती दिली, आणि १९१२ च्या ‘कवी’ या चित्रातले केस व मिशा पिकासोने तिनेच विंचरल्या. त्याच वर्षी ब्राकला आव्हिन्योंच्या एका दुकानात ओकची नक्कल छापलेला भिंतीचा कागद दिसला; पिकासो पॅरिसला निघून जाईपर्यंत थांबून त्याने तो विकत घेतला, आणि कोळशाने रेखाटलेल्या ‘फळांची थाळी आणि पेला’ या चित्रावर त्याच्या पट्ट्या चिकटविल्या. ज्या शिरा उमटविण्यात आयुष्ये खर्ची पडत, त्या येथे यंत्राने छापून आलेल्या आहेत, आणि तरीही त्या कोठे लावाव्यात याची तजवीज जुन्या रंगाऱ्याच्याच नजरेने झाली आहे: वरच्या पट्ट्या भिंतीची लाकडी तावदाने होतात, तर खालच्या पट्टीवर कोळशाने एक लहानसे वर्तुळ काढताच ते मुठीचे रूप घेते आणि पट्टीचा मेजाचा खण होतो.