अवसेला निघालेली ‘रामदास’

नागपूरकरांची बोटीशी ओळख अंबाझरीच्या पायडल बोटीपुरतीच. पण विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला उतरून अलिबागकडे निघालेल्या वैदर्भीयाने भाऊच्या धक्क्यावर घटकाभर थांबायला हरकत नाही. रेवसची लाँच इथूनच सुटते, आणि रेवसला निघालेली ‘रामदास’ बोटही इथूनच सुटली होती.

17 जुलै 1947. आषाढ अमावास्या. आपल्याकडे त्या दिवशी जिवतीची पूजा, तिकडे गटारी. सणाला घरी निघालेल्या चाकरमान्यांनी आणि कोळणींनी बोट खचाखच भरली. आठच्या सुमारास ती सुटली. पुढे काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने तिला कलतं केलं. घाबरलेले लोक एकाच बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी मचव्यांतली मासळी समुद्रात फेकून बुडणाऱ्यांना आत घेतलं. मुंबईला मात्र दुपार उलटेपर्यंत पत्ताच नव्हता. बोटीवर वायरलेस नव्हता. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनीच ही बातमी आणली.

अनेकांची प्रेतंही मिळाली नाहीत. ज्याला अग्नी मिळाला नाही तो भटकत राहतो, असं मानणाऱ्या मुलखात मग भुताची गोष्ट निराळी रचावी लागत नाही. अवसेला बोट सोडलीच का, हा प्रश्न जुनी माणसं आजही विचारतात. त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. 11 नोव्हेंबर 1927 ला याच किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. तेव्हा त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती! भरसमुद्रात बिनतारी यंत्राशिवाय बोट सोडणाऱ्यांपेक्षा अवसेला जाब विचारणं सोपं, दुसरं काय.

कोळ्यांचा भुतांशी व्यवहार मात्र रोखठोक आहे. अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावर, 1867 च्या दीपगृहाच्या सोबतीला, भुतांचा राजा वेताळच देव म्हणून बसवलेला आहे. होळीच्या सुमारास सजवलेल्या होड्या त्याच्या दर्शनाला जातात. तिथला एक मोठा दगड ठोकला की भांड्यासारखा वाजतो. पर्यटकांची खरी गर्दी त्याच्याभोवती असते.

खांदेरीला थळहून होडी मिळते, तीही समुद्र शांत असेल तरच. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी लाँच बंद असतात. तेव्हा अलिबागला जायला पेण-वडखळमार्गे एसटीच बरी.