पैनगंगेपलीकडचं टेंभुर्णी

उमरखेड तालुक्यातून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो आणि नांदेडचा हिमायतनगर तालुका लागतो. जुनी माणसं हिमायतनगरला अजून वाढोणाच म्हणतात. याच तालुक्यात टेंभुर्णी आहे. सोलापूर रस्त्यावरचं गजबजलेलं टेंभुर्णी वेगळं; हे लहानसं खेडं आहे आणि त्याचं नाव झालं ते एका नसलेल्या गोष्टीमुळे. गावात उघडी नाली नाही.

न्हाणीचं आणि मोरीचं पाणी इथे ज्याच्या त्याच्या घराशीच जिरतं. त्यासाठी साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणायचा. मधोमध सिमेंटचं टाकं बसवायचं, त्याला वरच्या अंगाला भोकं ठेवायची आणि भोवती दगड-गिट्टी भरायची. पाणी आधी टाक्यात येतं. राख, खरकटं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकांतून बाहेर पडून मुरमात मुरतं. पुढचं गाळण्याचं काम जमीनच करते. वीज लागत नाही, पंप लागत नाही. तळाचा गाळ मात्र वेळच्या वेळी काढावा लागतो. तो काढला नाही, तर साबणाचा चिकटा आणि तेलकटपणा गिट्टीत बसतो, खड्डा तुंबतो आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येतं. संडासाचं पाणी यात सोडायचंच नाही, त्याचे खड्डे वेगळे.

नाली गेली तसे डासही गेले, म्हणून टेंभुर्णी ‘डासमुक्त गाव’ ठरलं. घाण साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांचं घरच मोडलं. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ पाण्यात, रांजणात आणि कूलरमध्ये वाढतो. खड्डा झाला म्हणून पाण्याची भांडी रिकामी करायचा आठवड्याचा कोरडा दिवस सोडता येत नाही.

पुढे नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून असे हजारो शोषखड्डे घेतले आणि ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेलं.

नदीच्या अलीकडे, आमच्या यवतमाळात, याची निकड आता वाढली आहे. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. पाच जणांच्या घराला २७५ लिटर पाणी आलं, की त्यातलं सुमारे २२० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडतं. डोक्यावरून हंडे आणण्याच्या दिवसांत एवढं पाणी वाहतच नव्हतं. नळ आला की गावं आधी सिमेंटची नाली मागतात. ती घाण साफ करत नाही, फक्त खालच्या आळीत किंवा ओढ्यात नेऊन टाकते.

नदीकाठच्या खोल काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही; तिथे मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, नाहीतर गावाबाहेर सांडपाण्याचं स्थिरीकरण तळं करावं लागतं. केळापूर, झरी जामणीच्या डोंगराळ भागात मातीचा थर पातळ आणि मुरूम जवळ. घरं थोडी असलेल्या कोलामांच्या वस्त्यांना, म्हणजे पोडांना, हा खड्डा फार सोयीचा आहे. कातळ लागला तर जागा बदलायची. पण पोडाला एकच हातपंप असेल, तर खणण्याआधी टेप त्याच्यापासून धरायचा: निदान १० मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला.